लोमा ते मोआब: कोकोपेली ट्रेलचे पाच दिवस

कोलोरॅडो राज्यातल्या लोमा गावाबाहेर कोकोपेली ट्रेल ही माउंटन बाइकची वाट सुरू होते आणि युटातल्या मोआबच्या डोक्यावर, स्लिकरॉक ट्रेलच्या पार्किंगपाशी संपते. अंतर १४२ मैल, म्हणजे साधारण २२८ किलोमीटर. कोलोरॅडो प्लेटो माउंटन बाइक ट्रेल असोसिएशनने १९८९ मध्ये सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्यांच्या साथीने ही वाट जोडली. ‘जोडली’ म्हणायचं कारण असं, की सलग एक वाट कुणी खणलेली नाही. सुरुवातीला अरुंद पाऊलवाट, मग मैलोगणती जीप रस्ते, मधेच वाळूचे कोरडे ओढे, थोडा डांबरी रस्ता. पाठीला कुबड असलेला, बासरी वाजवणारा कोकोपेली या मुलखातल्या कातळांवर शेकडो वर्षांपूर्वी कोरलेला सापडतो. वाटेवरच्या तपकिरी खुंटांवरही त्याचंच चित्र आहे. खुंट सगळीकडे जागेवर असतीलच असं नाही, त्यामुळे जीपीएसवर ट्रॅक आधीच उतरवून घ्यावा.

या वाटेचे मुक्काम पाणी ठरवतं. सायकल कितीही चांगली असो, पायांत कितीही दम असो, पाणी कुठे आहे आणि पुढचं किती तासांवर आहे, हे आधी मांडून मगच दिवस पाडायचे. कोलोरॅडो नदी पहिल्या अर्ध्या वाटेला सोबत करते, पण बहुतेक वेळ ती शेदोनशे मीटर खाली कड्याखालून वाहते. दिसते, हाताला लागत नाही. दुसऱ्या अर्ध्यात तीही नाही.

उंचीचं गणित फसवं आहे. लोमा साधारण १४०० मीटरवर, मोआब १२२० वर. कागदावर हा उतार वाटतो. पण ला साल डोंगरांच्या उशाला वाट २६०० मीटरच्या आसपास जाते, आणि तो सगळा चढ निम्मं अंतर संपल्यावर, ड्यूई पुलापासून सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत पाय खर्ची घातले की तिसऱ्या दिवशी ते उसने मिळत नाहीत.

हंगाम दोन: एप्रिलअखेर ते मे, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि खालच्या भागात सावलीला झाड नाही. वसंतात वरच्या टापूत मे महिन्यातही बर्फ साचलेला असू शकतो, शिवाय नैर्ऋत्येचा वारा दुपारभर तोंडावर येतो, कारण वाटेचा रोखच नैर्ऋत्येला आहे. म्हणून शरद ऋतू बरा. दिवस लहान असतात, पण वारा कमी आणि वरची वाट मोकळी.

सायकलची तयारी

फक्त पुढे सस्पेन्शन (धक्के झेलणारी रचना) असलेली हार्डटेल किंवा दोन्ही चाकांना १२० मिलीमीटरच्या आसपास दबणारी फुल सस्पेन्शन, दोन्ही चालतात. हार्डटेलला फ्रेममध्ये मोठी पिशवी बसते आणि पाण्याचं वजन खाली राहतं, हा तिचा मोठा फायदा. टायर २.४ ते २.६ इंच रुंद, बाजूची भिंत जाड असलेला घ्यावा. वजन वाचवायला पातळ टायर घेणं ही इथली सर्वांत महागडी काटकसर. खडकाच्या पायऱ्यांच्या कडा सुरीसारख्या असतात आणि सामान लादलेली सायकल मागचं चाक त्यांवर आपटत जाते.

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) हवंच. वाटेच्या सपाट भागात आपल्याकडच्या सराट्याचीच झाडं आहेत, तीच वनस्पती, तेच काटे. साध्या ट्यूबमध्ये प्रत्येक काट्याचं एक पंक्चर होतं. ट्यूबलेस टायरमध्ये काटा उपटायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, सीलंट, म्हणजे टायरमध्ये घातलेलं पातळ रबरी द्रावण, अर्ध्या मिनिटात भोक बुजवतं. पण हवा कोरडी असल्याने सीलंट दोनतीन महिन्यांत वाळून टायरच्या आत रबराची पापुद्री उरते. निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिलीलीटर ताजं सीलंट घालावं आणि शंभरेक मिलीलीटरची बाटली जवळ ठेवावी. सामानासह स्वाराचं वजन ९५ ते १०० किलो धरलं तर पुढे २१-२२ आणि मागे २५-२६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा ठीक. सामान चढवल्यावर सस्पेन्शनची हवाही वाढवावी लागते, हे बरेच जण विसरतात. मग सायकल पहिल्याच पायरीला तळाला बसते.

दातेरी चकतीत पुढे ३० दात, मागे ५१ पर्यंत. सोबत डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर (ती फ्रेमला जोडणारा तुकडा), आपल्याच फ्रेमचा, कारण दुसरा बसत नाही. चेनच्या दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणाऱ्या कड्या), ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, दोन ट्यूब, टायरचं भोक बुजवणाऱ्या प्लगचा संच, जाड सुई आणि नायलॉन दोरा, जुन्या टायरचा बोटभर तुकडा, दहा-बारा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. चेनला मेणाचं किंवा कोरडं वंगण. ओलं तेल लावलं तर त्यावर लाल धूळ बसून सँडपेपरसारखा लेप तयार होतो आणि पाच दिवसांत चेन खाऊन टाकतो.

बूट चालायला पकड देणारे हवेत. या वाटेवर सायकल ढकलण्यात तास जातात. बूट पेडलला अडकवणाऱ्या तळव्याखालच्या पट्टीचे, म्हणजे क्लीटचे, स्क्रू दगडांवरून चालून सैल होतात. ते रोज सकाळी आवळायचे. एक स्क्रू पडला की क्लीट जागच्या जागी फिरते आणि बूट पेडलमधून निघतच नाही.

पाण्यासाठी एकूण दहा लीटर मावतील एवढ्या पिशव्या घ्याव्यात: फ्रेममध्ये चार, पाठीवर तीन, उरलेलं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाने.

पहिला दिवस: लोमा ते रॅबिट व्हॅली

तीस-पस्तीस किलोमीटर. आकडा लहान दिसतो आणि त्याच आकड्याने दुपारी निघण्याचा मोह होतो. तसं करू नये. सुरुवातीच्या पार्किंगला पाणी नाही, सगळं फ्रूटा गावातूनच भरून आणायचं. सात लीटर घ्यावं, कारण हा मुक्कामही कोरडाच धरायचा आहे.

वाट मेरीज लूप या पाऊलवाटेवरून निघते. डावीकडे नदी, उजवीकडे वालुकाश्माची भिंत आणि मधे एका आडव्या थराच्या माथ्यावरून जाणारी चिंचोळी पट्टी. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ट्रॅव्हर्स म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तेच, फक्त कारवी आणि गवत वजा करून. चढउतार कमी, पण खडकाच्या वीतभर ते हातभर उंचीच्या पायऱ्या सतत येतात. सामान लादलेली सायकल पायरीवर घ्यायची पद्धत वेगळी आहे. पुढचं चाक उचलायला हँडल ओढून उपयोग होत नाही, कारण हँडलवर तीन किलोची गुंडाळी आहे. पायरीच्या हातभर आधी अंग खाली दाबायचं, मग एक जोरकस पेडल मारत कंबर मागे न्यायची, म्हणजे चाक आपसूक हलकं होतं. पुढचं चाक वर टेकलं की लगेच छाती पुढे, नाहीतर मागचं चाक पायरीला धडकून तिथेच थांबतं. टायर कापले जातात ते याच क्षणी.

पुढची लायन्स लूप संपताना वाट सॉल्ट क्रीकच्या घळीत उतरते. उतार खडा आहे, घसाऱ्याचा आहे, बराचसा चालत. खाली छोटा पूल. त्यापलीकडचा चढ या दिवसाची खरी परीक्षा: दगडगोट्यांचा, वळणावळणाचा, पेडल मारता न येणारा. इथे दम वाचवायची एक साधी रीत आहे. सायकल उजवीकडे धरायची, हात हँडलवर. हात पूर्ण लांब होईपर्यंत सायकल वर ढकलायची, दोन्ही ब्रेक दाबून तिला तिथेच रोवायचं, आता तिचाच आधार घेत दोन पावलं वर चढायचं. पुन्हा ढकलायचं. सायकल आणि अंग एकाच वेळी वर नेण्याच्या नादात पोटऱ्या भरून येतात. हे दोन वेगळे हप्ते केले की तोच चढ निम्म्या कष्टात होतो. चढ फार खडा असेल तर पाठीवरची पिशवी आधी वर ठेवून यावी. दोन फेऱ्या लागतात, पण पाऊल चुकून घोटा मुरगळण्यापेक्षा त्या स्वस्त.

घळीच्या माथ्यावरून रुबी कॅन्यन दिसते आणि तिच्या तळाशी नदीला खेटून रेल्वेचा रूळ. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को खाडीपर्यंत धावणारी कॅलिफोर्निया झेफर याच घळईतून जाते. इथून पुढे वाट रुंदावते, जीप रस्ते सुरू होतात आणि त्यांच्यासोबत वाळू. रॅबिट व्हॅलीत आखून दिलेल्या जागीच मुक्काम करायचा. नदीकडे उतरणाऱ्या वाटा आहेत, पण त्या वाकड्या वाटेने उतरून परत चढण्यात तास-दीड तास जातो. सात लीटर घेऊन निघालं की तो वाचतो.

या टापूत वाटेबाहेरच्या मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसेल. ती जिवंत माती आहे. सूक्ष्म जीव, शेवाळं आणि दगडफूल यांनी विणलेलं ते कवच वाऱ्यापासून वाळू धरून ठेवतं. एका टायरच्या ठशाने ते तुटतं आणि भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. सायकल उभी करतानाही कातळावर किंवा वाळूच्या ओढ्यात उभी करावी.

दुसरा दिवस: रॅबिट व्हॅली ते ड्यूई पूल

सर्वांत लांब दिवस, ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि सर्वांत सोपा. उजाडण्याआधी चहा, उजाडताना चाकं चालू. दुपारी वारा सुटण्याआधी जेवढं अंतर कापाल तेवढं खरं.

बिटर क्रीकच्या कडेने वाट युटात शिरते. मग वेस्टवॉटरचा फाटा. तिथे नदीवर नावा सोडायचा घाट आहे, पाणी घेता येतं. पुढे सिस्कोचं माळरान. सिस्को हे गाव वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी वसलं आणि इंजिनं डिझेलची झाल्यावर ओसरलं. वाट गावाला बगल देऊन नदीकडे वळते आणि सिस्को लँडिंगपाशी पुन्हा पाण्याला भिडते.

या माळाची माती मँकोस शेल या राखाडी चिकणखडकापासून बनलेली आहे. कोरडी असताना चाक सुसाट जातं. पाऊस पडला की पंधरा मिनिटांत कथा बदलते. काळ्या रानात पहिल्या पावसात बैलगाडीचं चाक जसं भरतं, अगदी तसंच. चिखल टायरला, टायरवरून फ्रेमला, तिथून चेनला चिकटतो आणि चाक फिरणं बंद. जोर लावून पेडल मारलं तर डिरेलर मुरडून हँगर तुटतो. चिखलात सापडलात तर थांबायचं, सायकल खांद्यावर घेऊन कातळ किंवा खडीचा रस्ता गाठायचा आणि माती वाळू द्यायची. ऊन आलं तर काही तासांत पुन्हा रस्ता होतो. अंदाजात पाऊस असेल तर या दिवसाला जुन्या डांबरी रस्त्याचा पर्याय ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही.

वाळूच्या पट्ट्यांत पुढचं चाक वळवायला गेलं की रुततं. वाळू सुरू होण्याआधी एक-दोन गिअर हलका करायचा, वजन सीटच्या मागच्या टोकावर न्यायचं, हँडल सैल धरायचं आणि कमरेने दिशा द्यायची. पट्टा लांब असेल तर दोन्ही टायरमधली तीनचार पीएसआय हवा काढावी, पण खडक सुरू होताच ती परत भरायची.

आता पाण्याचं. कोलोरॅडो नदीचं पाणी चहासारखं दिसतं. ते थेट फिल्टरमधून काढायला गेलात तर अर्ध्या-एक लीटरमध्ये फिल्टर तुंबतो. त्यासाठी आपली जुनी तुरटी. घरून पूड करून आणावी. दहा लीटरच्या पिशवीत पाव चमचा पूड टाकून दोन-तीन मिनिटं ढवळायचं आणि हात न लावता तासभर ठेवायचं. गाळाचे पुंजके होऊन तळाशी बसतात. वरचं नितळ पाणी हलकेच दुसऱ्या पिशवीत ओतून मग ते फिल्टर करायचं. क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात टाकली तर गाळच तिचा जोर खातो, म्हणून तीही निवळल्यावरच. फिल्टर पोकळ धाग्यांचा असेल तर रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्यावा. आत राहिलेलं पाणी गोठलं की धाग्यांना बारीक चिरा जातात. बाहेरून काही कळत नाही आणि जंतू आरपार जातात. ऑक्टोबरात दुपारी २५ अंश आणि पहाटे शून्य, हे इथे नेहमीचं आहे.

ड्यूईला नदीवरचा जुना लाकडी झुलता पूल १९१६ चा. २००८ मध्ये तो आगीत जळाला. लोखंडी दोर आणि मनोरे अजून उभे आहेत. आपण शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून पलीकडे जातो. आजचा मुक्काम इथेच, नदीकाठी. आजच्या रात्रीचं मुख्य काम पाणी निवळणं.

तिसरा दिवस: ड्यूई पूल ते फिशर व्हॅली

पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि पूर्ण दिवस. कोकोपेलीचा जो बोलबाला आहे तो इथून पुढच्या वाटेमुळे.

आधी पाण्याचा हिशेब. ड्यूईनंतर भरवशाचं पाणी थेट कॅसल क्रीकला, उद्या संध्याकाळी. मधे ओढे आहेत, त्यांची नावं नकाशावर निळ्या रेघांवर लिहिलेली आहेत, पण शरद ऋतूत त्यांवर भिस्त ठेवू नये. फिशर व्हॅलीतून खाली जाणाऱ्या ओनियन क्रीकमध्ये पाणी असतं. पण त्यात विरघळलेले क्षार आहेत, गंधकाचा वास येतो आणि ते पिण्यालायक नाही. फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले क्षार अडवत नाही. म्हणजे दोन दिवस चढाचं प्यायला आठ लीटर आणि स्वयंपाकाला दोन. दहा लीटर पाणी म्हणजे दहा किलो. सायकल भरल्यावर ती उचलून बघावी. दोन्ही चाकं जमिनीपासून सुटत नसतील तर कपडे-भांडी कमी करायची, पाणी नाही.

दुसरा मार्ग म्हणजे आधीच गाडीने जाऊन पाणी ठेवून येणं. ओनियन क्रीकच्या कच्च्या रस्त्याने फिशर व्हॅलीपर्यंत जीप जाते. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, पाऊस असेल तर जाऊ नये. घट्ट झाकणाच्या जाड कॅनमध्ये भरून, वर नाव आणि तारीख लिहून ते सावलीत ठेवावं, आणि रिकामा कॅन परत न्यावा. तिकडे दूध विकतात तसले पातळ प्लॅस्टिकचे कॅन ठेवू नयेत, उंदीर ते कुरतडतात.

एंट्राडा ब्लफ्स रस्त्याने चढ सुरू होतो. पहिला तास लाल वाळूचा, मग खडकाच्या पाट्या. वाटेत टॉप ऑफ द वर्ल्ड या प्रसिद्ध कड्याकडे जाणारा फाटा आहे. लादलेली सायकल घेऊन तिकडे वळू नये. चढ पायऱ्यापायऱ्यांचा: दोनशे मीटर चालवायचं, पन्नास मीटर ढकलायचं. नाडीवर लक्ष ठेवून, बोलता येईल इतक्याच श्वासाने चढलं तर दुपारपर्यंत टिकता येतं. उन्हात नुसतं पाणी पीत राहिलं की मीठ धुऊन जातं. मग डोकं जड, मळमळ, पायात वांब. दर लीटरला पाव ते अर्धा चमचा मीठ, थोडी साखर आणि लिंबू, एवढं पुरतं.

मग येतो रोझ गार्डन हिल. नाव गुलाबाच्या बागेचं, आणि खाली फुटबॉलएवढ्या सुट्या दगडांनी भरलेला खडा उतार. लोमाकडून येताना तो उतरायचा आहे, एवढंच भाग्य. वर थांबून पाच गोष्टी करायच्या: सीट पूर्ण खाली, मागच्या पिशवीचे पट्टे आवळून घ्यायचे, पुढची गुंडाळी फोर्क दबल्यावर टायरला घासत नाही ना ते छातीने हँडल दाबून बघायचं, दोन्ही ब्रेकचे पॅड डोळ्यांनी तपासायचे, आणि शंभर पावलं खाली चालून कुठून उतरायचं ती ओळ ठरवायची. पॅडवरचं कोटिंग एक मिलीमीटरहून पातळ असेल तर इथेच बदला. अर्ध्या उतारावर धातूला धातू लागला की डिस्कही जाते.

उतरताना वेग फार कमी झाला तर पुढचं चाक दोन दगडांच्या मधे अडकून सायकल उलटते, फार वाढला तर थांबता येत नाही. चालण्याहून थोडा जास्त वेग, एक बोट पुढच्या ब्रेकवर, टाच खाली, नजर चार-पाच मीटर पुढे. दगड हलतात, त्यांना हलू द्यायचं. त्यांच्याशी झगडत हँडल घट्ट पकडलं की मनगटं भरून येतात आणि मग ब्रेकवरचं बोटच सुटतं. शंका वाटली तिथे उतरून चालावं. इथून सर्वांत जवळचा डांबरी रस्ता बराच खाली, ओनियन क्रीकचा रस्ता ज्या हमरस्त्याला मिळतो तिथे आहे आणि फोनला रेंज नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सोबत असावं ते अशाच जागांसाठी.

टायरची भिंत फाटली असेल तर क्रम असा. भोक पाच-सहा मिलीमीटरच्या आत असेल तर प्लग, गरज पडल्यास दोन. त्याहून मोठी चीर असेल तर टायर काढून सुई-नायलॉनने आडवे टाके घालायचे, चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडे पाच मिलीमीटरपर्यंत. आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा आणि मग ट्यूब. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवून प्रत्येक काटा काढलाच पाहिजे. सीलंटने बुजवलेले पंधरा-वीस काटे आत टोकं काढून बसलेले असतात आणि ट्यूब दहा मिनिटांत जाळी होते. बहुतेक लोक इथे चुकतात.

फिशर व्हॅलीच्या आसपास हाइडआउट नावाची मुक्कामाची जागा आहे. वाळवंटात विष्ठा कुजत नाही. तिच्यासाठी बंद पिशव्या न्यायच्या आणि भरलेल्या पिशव्या मोआबपर्यंत परत आणायच्या.

चौथा दिवस: फिशर व्हॅली ते कॅसल क्रीक

थॉम्पसन कॅन्यनमधून सकाळभर चढ. लाल खडक मागे पडतो, खुरटे जुनिपर आणि पिन्यन पाइन, मग ओकची झुडपं, आणि नॉर्थ बीव्हर मेसावर (सपाट माथ्याच्या डोंगरावर) पोहोचेपर्यंत पिवळी पडलेली अ‍ॅस्पेनची झाडं. २६०० मीटरच्या आसपास हवा विरळ होते. समुद्रसपाटीहून थेट आलेल्याला इथे नेहमीचा वेग धरता येत नाही, आणि तो धरण्याचा प्रयत्नही करू नये. चढाला सलग चालवण्याजोगी लांबी आहे, म्हणून कालच्यापेक्षा हा दिवस जास्त समाधानाचा. जवळच्या पोलर मेसावर एकेकाळी युरेनियम खणलं जायचं. इथल्या डोंगरांतले कितीतरी जीप रस्ते १९५० च्या दशकातल्या त्या शोधाच्या धावपळीत पडले.

डांबरी रस्ता लागला की कॅसल व्हॅलीच्या बाजूला लांब उतार. इथे टायर जरा मऊ वाटेल, वळणं सावकाश घ्यावीत. घामेजलेल्या अंगाने थेट उतरू नये, वारा अडवणारं जॅकेट चढावर अंग गरम असतानाच घालावं. कॅसल क्रीकला पाणी आहे. ते स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरतात, फिल्टर केल्याशिवाय पिऊ नये. उद्यासाठी सहा लीटर, कारण मोआबपर्यंत पुन्हा काही नाही.

पाचवा दिवस: कॅसल क्रीक ते मोआब

ला साल लूप रोडचा डांबरी चढ पहिल्या पेडलपासून. छातीवरचा आहे, वळणं एकावर एक. मागे वळून कॅसल व्हॅलीतले लाल सुळके बघायला थांबावं, तेवढाच श्वासही सापडतो. दक्षिणेला ला सालची शिखरं, त्यांतलं सर्वांत उंच माउंट पील ३८७७ मीटर.

वर पोहोचल्यावर वाट डांबर सोडते. मोआबच्या होल एन्चिलाडा या लांबलचक उताराचा एक टप्पा याच कोकोपेलीवरून जातो, त्यामुळे इथे पहिल्यांदाच बिनसामानाचे, वेगाने येणारे सायकलस्वार भेटतील. त्यांना वाट द्यावी. पॉर्क्युपाइन रिमचा फाटा मोह घालतो, पण तिकडच्या पायऱ्या मोकळ्या सायकलसाठी आहेत. चार दिवस खिळखिळे झालेले पट्टे आणि दमलेली मनगटं घेऊन सँड फ्लॅट्सचा रस्ताच धरावा.

हा उतार गावापर्यंत धरला तर हजार मीटरहून जास्त आहे. ब्रेक सतत हलके धरून ठेवले तर डिस्क तापते, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि लीव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. सरळ पट्ट्यात सोडायचं, वळणाआधी जोरात दाबायचं, पुन्हा सोडायचं, म्हणजे डिस्कला निवायला वेळ मिळतो. जळका वास आला की दहा मिनिटं थांबावं, वर पाणी ओतू नये, तापलेली डिस्क वाकते. रस्त्यावर पन्हाळीच्या पत्र्यासारख्या लाटा आहेत. त्यांवर सीटवर बसून राहिलं तर पिशव्यांचे स्क्रू सुटतात, म्हणून उभं राहून गुडघ्यांनी धक्के झेलायचे.

सँड फ्लॅट्सच्या मुक्कामाच्या जागांनाही पाणी नाही. १९६९ मध्ये मोटारसायकलींसाठी आखलेल्या स्लिकरॉक ट्रेलच्या पार्किंगला कोकोपेलीचा शेवटचा खुंट आहे. इथे टायरमध्ये पुन्हा हवा भरावी, कारण खाली गावापर्यंत खडा डांबरी उतार आहे. पिशवीत अर्धा-एक लीटर पाणी उरलं असेल तर हिशेब बरोबर झाला. ते इथेच पिऊन घ्यावं आणि मग गावाकडे सोडावं.